सहा मुक्कामांचा बेत

कुवेतहून गावी जाण्याचा माझा बेत एका खाकी कागदावर लिहिलेला होता. हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे ज्या कागदात बांधून येत, त्यातलाच तो एक तुकडा. मी तेव्हा त्या चादरींच्या गोदामावर कारकून होतो. कागद हातभर लांब होता आणि त्यावर सहा मुक्काम होते: बसरा, बुशहर, बहारीन, दुबई, मस्कत आणि मुंबई. प्रत्येकापुढे किती दिवस राहायचं, कुठली बोट धरायची, कुठल्या दिवशी काहीच करायचं नाही, हे सगळं मी शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं. एरवी आमच्या गावचा माणूस सुट्टीवर निघाला की बोटीत बसायचा आणि आठ-नऊ दिवसांनी मुंबईला उतरायचा. मला दोन महिने लागणार होते.

पन्नासच्या दशकाच्या शेवटाची ही गोष्ट आहे. विमानं होती, पण ती आमच्यासाठी नव्हती. आज कुवेतच्या जाब्रिया भागात जिथं दवाखान्यांच्या इमारती आहेत, तिथं तेव्हा नुसती वाळू होती. आम्ही रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे पाच मुसलमान गडी मिरगाब भागात मातीच्या भिंतींच्या एका खोलीत राहायचो. शुक्रवारी तिथंच बाकीचे गाववाले जमायचे.

बेत आखायचं कारण असं की माझी बायको वारली होती. हिवाळ्याच्या तोंडावर तार आली, तेव्हा तिचं दफन होऊन दोन दिवस झाले होते. तार मला गोदामातच मिळाली. मी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि सर्जिकल वॉर्डाच्या चादरी मोजायला बसलो. एकशे चाळीस भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी एकशे चाळीसच. मोजणी चुकली नाही, याचं मला पुढं फार वाईट वाटलं. निदान एखादी चादर इकडची तिकडे व्हायला हवी होती.

आमचा मुदीर, म्हणजे गोदामाचा मुख्य, पॅलेस्टिनी होता. कडक माणूस, पण त्या दिवशी त्यानं स्वतः उठून मला चहा दिला. चार दिवसांनी बोट आहे, तुझा इजाजा मी उद्याच सही करून आणतो, असं तो म्हणाला. इजाजा म्हणजे रजा. मी नको म्हणालो. माझी हक्काची रजा पाच महिन्यांनी होती, तेव्हाच जाईन म्हणून सांगितलं. त्याला वाटलं, हा माणूस मोठा सबुरीचा आहे. सबुरी कसली? गावी नऊ वर्षांची मुलगी होती. मी निघालो तेव्हा ती सहाची होती. तिच्या पुढ्यात जाऊन मला रडावं लागेल आणि रडू येणार नाही, एवढी एकच धास्ती मला होती. बाकी आत काहीही नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, दाढी रोज होत होती.

तारेमागून मेव्हण्याचं पत्र आलं. तीन दिवस ताप होता, तालुक्याचा डॉक्टर होडीनं येऊन गेला, पहाटेच्या बांगेआधी तिनं कलमा पढला आणि शांतपणे डोळे मिटले. मुलगी आजीजवळ आहे. शेवटी एक ओळ होती: पोर कुणाशी बोलत नाही, लवकर या. ती ओळ मी प्रत्येक वेळी वाचायचो आणि पत्राची घडी करायचो.

मग समाचार, म्हणजे दुखवट्याला भेटायला येणं, सुरू झाला. कुवेतमध्ये मयत होत नव्हतं असं नाही, पण आमच्या लोकांची मयतं बहुतेक गावाकडं व्हायची आणि समाचार इकडं. शुक्रवारची नमाज झाली की लोक यायचे, चटईवर बसायचे, फातिहा पढायचे. मग कुणीतरी विचारायचं, कसं झालं? आणि मी सांगायचो. मी तिथं नव्हतो, जे झालं ते मी पाहिलं नव्हतं, पण सांगायचं मलाच होतं, कारण मयताचा मालक मी. ताप, डॉक्टर, होडी, पहाट, कलमा. लोक माना हलवायचे, डोळे पुसायचे. मी सोडून सगळ्यांचे डोळे ओले.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की लोक माझ्याकडं जरा रोखून बघताहेत. एकानं दुसऱ्याला हळूच म्हटलेलं मी ऐकलंही, की हा दगड आहे. राग आला. तेवढा एक राग मात्र मला त्या महिन्यांत नीट आला. आणि त्या रागाच्या भरात मी डॉक्टर आणि कलमा यांच्या मध्ये एक वाक्य घातलं. म्हणालो, जाताना तिनं माझं नाव घेतलं. दोनदा घेतलं.

खोलीत सगळ्यांनी उसासे टाकले. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या शुक्रवारी नवे लोक आले तेव्हा मी ते वाक्य पुन्हा सांगितलं, आणि त्यानंतर ते गोष्टीतून निघेचना. सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की मलाही कुठं अडखळायला होईना. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माझ्या बायकोनंही आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. हे मी सांगताना विसरलो आणि ऐकणारेही विसरले, किंवा शेवटच्या घटकेला चालतं असं त्यांना वाटलं असेल.

आमच्या खोलीत एक चाचा होते. सगळ्यांत वयस्क. तीस वर्षं बोटीवर भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, म्हणून काढलेली, आणि आता एका व्यापाऱ्याच्या घरी मटण शिजवत होते. आखातातलं असं एक बंदर नव्हतं जिथल्या तांदळाची त्यांना माहिती नव्हती. एके दिवशी मी हातातलं ताट घेऊन उभाच राहिलो, बसायचं विसरलो, ते त्यांनी पाहिलं.

"तू थकलायस," ते म्हणाले. "असा सरळ घरी जाव नको. थकलेला माणूस घरात शिरला की एक तर रडतो, न्हाय तर भांडतो. तू वाटेत उतरत उतरत जा."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. पण मला ते इतकं पटलं की मी दुसऱ्या दिवशी गोदामातून खाकी कागदच आणून भिंतीला लावला. जिथं जायचं तिथं उशिरा पोहोचायला एका अनुभवी माणसाची परवानगी मिळाली होती.

मग आमचा बेत सुरू झाला, आणि तो फार चांगला बेत होता हे मला आजही कबूल करावं लागेल. पुढच्या आयुष्यात मी अनेकांना त्यातल्या गोष्टी सांगितल्या. चाचांचा पहिला नेम असा की बंदरावर उतरल्यावर पहिला दिवस कोरा ठेवायचा. कुणाला भेटायचं नाही, काही बघायचं नाही, भात खायचा आणि निजायचं. बोटीनं शरीर हलवलेलं असतं, ते जाग्यावर यायला एक दिवस लागतो. दुसरा नेम, एका दिवसात एकच गोष्ट बघायची, आणि ती सकाळी. तिसरा, बोट ज्या दिवशी यायची असेल त्याच्या आदला दिवसही कोरा, कारण बोट कधी लवकर येत नाही पण माणूस मात्र धावपळ करतो. चौथा, एकट्यानं जायचं तर हातात एवढंच सामान घ्यायचं की स्वतः उचलून लाँचमध्ये चढता येईल. कुवेतला तेव्हा मोठी बोट दूर पाण्यात उभी राहायची आणि लाँचनं तिथवर जावं लागायचं. शिडीवर दोन्ही हातांत ओझं असलेला माणूस चाचांनी पाण्यात पडलेला पाहिला होता.

बसरा उलट्या दिशेला आहे. गावी जायचं तर तिकडं जायचं काहीच कारण नव्हतं. पण चाचा म्हणाले, बोट तिथूनच भरून खाली येते, तिथं बसलास तर चांगली जागा मिळेल, आणि खजुराच्या बागा आहेत. मी लगेच बसऱ्यापुढं सात दिवस लिहिले. बुशहरला चार. बहारीनला आठ, कारण तिथं आमच्या शेजारच्या गावचे लोक होते. दुबईला सात, मस्कतला सहा. कराचीत उतरायला व्हिसा लागायचा, म्हणून कराची नुसती कठड्यावरून बघायची. आणि मुंबईला दहा दिवस, कापडचोपड घेण्यासाठी असं लिहिलं, जरी कापड माझ्याजवळ आधीच घेऊन ठेवलेलं होतं.

खोलीत आणखी एक जण होता. गावी असताना तो मालाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता, इथं एका कंपनीचा ट्रक चालवायचा. आम्ही त्याला तांडेलच म्हणायचो. त्यानं एका संध्याकाळी तो कागद वाचला, बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाला, "हा असा गेलास तर मुंबईत पोचेपर्यंत किनाऱ्याच्या आगबोटी बंद होतील. पाऊस लागंल. मग गावी जाशील कसा?"

मी म्हणालो, मग पावसाळा मुंबईत काढीन. हे मी अगदी सहज म्हणालो. तांडेल उठून पाय धुवायला गेला. आमच्यात माणसाला एकदाच सांगतात.

तांडेलची रजा माझ्या आधी होती. आता चौथा नेम कामाला आला. माझी तांबडी ट्रंक त्याच्याबरोबर सरळ गावी पाठवायची, म्हणजे मी एका पिशवीवर निघायला मोकळा. चाचांनी या कल्पनेचं फार कौतुक केलं. ट्रंकेत मुलीसाठी दोन फ्रॉकची कापडं होती, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, एक रबरी बाहुली आणि तपकिरी रंगाचे बूट. बुटांचं माप बायकोनं पाठवलेलं होतं. मुलीचं पाऊल पाटीवर ठेवून तिनं टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी तोडली होती आणि ती पत्रात गुंडाळून धाडली होती. ती सुतळी दीड वर्ष माझ्या उशीखाली पडून होती. समाचाराच्या दिवसांत ती हाताला लागली, तेव्हा मी बाजारात जाऊन तीवरून बूट घेतले. दीड वर्षात पाऊल वाढतं, हे दुकानात माझ्या डोक्यातच आलं नाही. दुकानदारानं विचारलं, पोर किती वर्षांची? मी म्हणालो, सहा.

तांडेल गेला. गावी गेलेल्या माणसाची एक रीत असते. तो आधी स्वतःच्या घरी टेकतो, मग ज्या ज्या घरचा माणूस आखातात आहे त्या त्या घरी जातो, सामान देतो आणि निरोप सांगतो. माझ्या घरी तर मयत झालेलं. तिथं त्याला बसून समाचार घ्यावाच लागणार होता, आणि माझी हालहवाल सांगावीच लागणार होती. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? मी स्वतः पूर्वी दोनदा असं केलेलं होतं. पण बेतात मी गुंग होतो. बहारीनचे आठ दिवस सात करून मस्कतला एक वाढवावा का, याचा मी तेव्हा विचार करत होतो.

मार्चच्या शेवटी, बसऱ्याला निघायला नऊ दिवस उरलेले असताना, मुलीचं पत्र आलं. तिनं स्वतः लिहिलेलं ते पहिलंच. ती मराठी शाळेत चौथीत होती. अक्षर मोठं आणि रेघ सोडून वर गेलेलं. पत्र मी गोदामात उभ्यानं वाचलं.

"बाबांना सलाम. ट्रंक मिळाली. बूट लहान होतात म्हणून नवीन माप पाठवते. ट्रंक आणली त्या तांडेलचाचांनी सांगितलं की आईनं जाताना तुमचं नाव दोनदा घेतलं. सगळ्या बायका मला विचारतात, तू ऐकलंस का? मी आईच्या शेजारीच झोपले होते. मामू दिवा घेऊन आला तेव्हा आई गेलेली होती. मला काही ऐकू आलं नाही. कलमापण ऐकू आला नाही. म्हणून नानी माझ्या कानात रोज गरम तेल घालते. दुखतं पण मी घालून घेते. तुम्ही कधी येणार?"

खाली सुतळी होती, कागदाला पिठाच्या खळीनं चिकटवलेली. मी ती सोडवली आणि टेबलावर सरळ केली. खिशातल्या पहिल्या सुतळीपेक्षा दोन बोटं जास्त भरली.

मग मला सगळं नीट समजलं. बायको एकटी गेली होती. पोर शेजारी झोपलेली. तिनं कलमा पढला की नाही, हे अल्लाला माहीत. मेव्हण्यानं तो पत्रात लिहिला, माझं मन राहावं म्हणून. मी त्यात माझं नाव घातलं, लोकांनी मला दगड म्हणू नये म्हणून. आणि आम्हा दोघा मोठ्या माणसांच्या जोडकामाचं तेल माझ्या मुलीच्या कानात रोज ओतलं जात होतं. ती कुणाशी का बोलत नव्हती ते मला माहीत नाही. पण आता बोलली तरी तिला एकच प्रश्न विचारला जाणार होता.

मी मुदीरकडं गेलो आणि पहिल्या बोटीनं सोडा म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं. माझी मोडकीतोडकी अरबी आणि त्याचं थोडं हिंदी यांत ते सांगता येईना. मी माझ्या कानाला हात लावला आणि म्हणालो, "बिंत." मुलगी. त्याला वाटलं, मुलगी आजारी आहे. त्यानं तिथल्या तिथं सही केली. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. तसं पाहिलं तर त्याचं फारसं चुकलंही नव्हतं.

खोलीवर चाचांना मी पत्र वाचून दाखवलं. त्यांना वाचता यायचं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मना वाटला, तू खराच थकलायस," ते म्हणाले.

मी म्हणालो, थकलोच होतो. ते म्हणाले, "न्हाय. तू भ्यायलायस." मग खाकी कागद त्यांनी स्वतःच भिंतीवरून उतरवला आणि माझ्या पिशवीच्या तळाशी, कपड्यांखाली घातला. फाडला नाही. चार महिन्यांची मेहनत होती, आणि ते स्वयंपाकी होते, शिजवलेलं टाकवत नसे.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डेकवर लोखंडी पिंपाशेजारी जागा मिळाली. ती बोट बुशहरला थांबलीच नाही. बहारीनला थांबली तेव्हा मी खाली वाकून पाहिलंही नाही. दुबईला गाववाले लाँच करून बोटीवर आले, समाचारालाच आले होते. त्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, झोपेत गेली, कुणाला कळलं नाही. ते फातिहा पढून लाँचमध्ये परतले. त्यांना माझी गोष्ट आवडली नसावी. मस्कतच्या पुढं समुद्र उठला आणि दोन दिवस मी आडवा पडून होतो. मुंबईला उतरलो तो सरळ भाऊच्या धक्क्यावर गेलो, किनाऱ्याच्या आगबोटीत उभ्यानं रात्र काढली, सकाळी पडावातून खाडीत शिरलो आणि उरलेलं चाललो. चाचांचे पहिले तीनही नेम मी मोडले होते. पाय सुजले होते आणि तीन दिवसांत पोटात धड अन्न नव्हतं.

मुलगी पडवीत होती. तिनं मला ओळखलं, पण जवळ आली नाही. तिच्या दोन्ही कानांत कापूस होता. उंच झाली होती. मी पायरीवर बसलो, कारण उभं राहवत नव्हतं, आणि ती येऊन माझ्यापासून एक हात सोडून बसली. आत नानी भाकऱ्या थापत होती. मी कापूस काढ म्हणून खूण केली. तिनं काढला.

"आईनं माझं नाव घेतलं नव्हतं," मी म्हणालो. "ते मी खोटं सांगितलं."

ती माझ्याकडं न बघता कापूस बोटांत फिरवत राहिली. "का?"

"मला रडू येत नव्हतं. लोक बघत होते."

"आणि कलमा?"

"तोही कुणी ऐकला नाही. आई झोपेत गेली. तू झोपली होतीस, तीही झोपली होती. कुणी काही बोललंच नाही, तर तुला ऐकू कुठून येणार?"

तिनं कापूस पायरीवर ठेवला. मग विचारलं, "म्हणजे माझे कान बरे हायत?"

"बरे आहेत," मी म्हणालो, आणि तेवढं म्हणता म्हणता माझा आवाज फुटला. पाच महिन्यांनी, दमलेल्या अंगानं, पायरीवर बसून मी रडलो. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत बसली. मग उठली आणि नानीला सांगायला आत गेली, की उद्यापासून तेल गरम करू नको.